एस्पेरियाची लाकडी जमीन

सकाळी दहा वाजता एस्पेरियाचं मोठ्या रस्त्यावरचं दार पहारीने उघडलं, आणि सव्वीस वर्षांनी आत ऊन शिरलं. उन्हाला बघण्यासारखं फार काही सापडलं नाही. फाटक्या लाल रेक्झिनच्या खुर्च्या, एक मळका पडदा आणि नाक मुरडावं असा वास. दिर्चे झानोत्ती मात्र दाराशी अशी ताठ उभी होती, की जणू घरचं कार्य आहे आणि ही यजमानीण. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, अंगात ठेवणीतला कोट, हातात पर्स.

तिने वस्तीच्या समितीला छातीठोकपणे सांगितलं होतं, की ह्या खुर्च्यांखाली माझ्या बापाने घातलेली नाचाची लाकडी जमीन अजून आहे. ती निघाली आणि धड निघाली, तर समिती हॉल घेऊन तिथे पुन्हा नाचघर करणार होती. नाही निघाली, तर दिर्चेचा हॉल गॅरेज काढू बघणाऱ्या एका गिऱ्हाइकाला जाणार. निकाल द्यायला इंजिनियर फान्तुत्सी आले होते, आणि दुपारी बाराच्या आत त्यांना अहवाल लिहायचा होता.

खरी गोष्ट अशी, की जमीन आहे का नाही हे दिर्चेला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. पण हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

एस्पेरिया म्हणजे एके काळी बोलोन्या शहरातला नावाजलेला नाइट क्लब. दिर्चेचा बाप मूळचा सुतार. चोपन्न साली त्याने ओकच्या फळ्या स्वतः रंधा मारून बसवल्या, पावलाखाली जरा लवतील अशा. कारण तिथे नाचायचे ते बोलोन्याचे पुरुष, आणि नाचायचे ती पोल्का. दोन पुरुष एकमेकांच्या मिठीत, गुडघे मोडून, बूड जवळजवळ जमिनीला टेकवून, गरगर गरगर. बायकांनी बघायचं आणि टाळ्या द्यायच्या. दिर्चेने तर तेवढंही नाही; ती दारापाशी लोकांचे कोट सांभाळायची. दर सोमवारी सकाळी गुडघ्यांवर बसून त्या फळ्यांना मेण चोळायची ती मात्र तीच. बापाला वाटायचं, मुलीच्या जातीला एवढी जमीन पुरे.

पुढे तरुण पोरं डिस्कोकडे पळाली, बाप गेला, आणि एकोणऐंशी साली दिर्चेच्या नवऱ्याने, ओरियानोने, सगळं शहर करत होतं तेच केलं. दिर्चेला आठ दिवस बहिणीकडे रिमिनीला धाडलं. ती परतली तर नाइट क्लबच्या जागी तसल्या सिनेमांचं थिएटर, उतरत्या लाकडी चौथऱ्यावर खुर्च्यांच्या रांगा.

"फळ्या कुठायत?" तिने विचारलं.

"विकल्या," ओरियानो म्हणाला, आणि मरेपर्यंत त्याने त्या विषयावर दुसरा शब्द काढला नाही. तिनेही त्याला मनातून कधी माफ केलं नाही.

मग सव्वीस वर्षं ती तिकीटखिडकीत बसली. खिडकी मुद्दामच ठेंगणी ठेवलेली. पलीकडचे हात तेवढे दिसायचे. तिने कधी वाकून कुणाचं तोंड पाहिलं नाही, आणि वस्तीने तिचं पाहिलं नाही. समोरची पाववाली इव्होन पिशवी हातात द्यायची ती भिंतीकडे बघत.

आज तीच इव्होन दारात येऊन उभी होती, आणि तिच्यामागे निम्मी वस्ती.

फान्तुत्सींनी जुना नकाशा उलगडला. "हे वाद्यवृंदाचं व्यासपीठ. त्याच्यासमोर नाचाची जमीन. म्हणजे पडद्यासमोरच. खणा रे इथे."

मजुरांनी पहिल्या दोन रांगा उपटल्या, फळकुटं काढली. खाली सिमेंट, आणि सिमेंटवर लाल-पांढऱ्या फरश्या.

"संपलं," फान्तुत्सी म्हणाले. "लाकडाचा तुकडाही नाही. मला वाईट वाटतं, बाई."

दिर्चे त्या फरश्यांपाशी आली. म्हणजे विकल्याच मेल्याने. सगळ्या गावादेखत तोंडघशी पडले, असं तिला झालं, आणि खाली बघवेना तरी ती खाली बघत राहिली. बघता बघता तिची नजर एका फरशीवर अडकली. कोपरा उडालेली. तो कोपरा कशाने उडाला हे तिला पक्कं ठाऊक होतं: ओव्हरकोटांनी लादलेला लोखंडी स्टँड तिच्याच हातून पडला होता.

"ही तर माझी जागा!" ती ओरडली. "इथे मी कोट घ्यायची! साहेब, नकाशा फिरवा. तुम्ही उलटा धरलाय."

"बाई, पडदा असतो तिथेच स्टेज असतं."

"नाटकाच्या थिएटरात. इथे येणाऱ्यांना लाज होती, साहेब. मोठ्या रस्त्यावरून आत शिरताना कुणी बघितलं तर? म्हणून माझ्या नवऱ्याने हे दार बंद केलं आणि मागच्या गल्लीतून, वादक यायचे तिथून, लोकांना घेतलं. दार फिरलं तसा सगळा हॉल फिरला. नाचाची जमीन तिकडे आहे, शेवटच्या रांगांखाली!"

फान्तुत्सींनी घड्याळ पाहिलं. "हॉल तुमचा, गरज तुमची. तुमच्या एकटीच्या शब्दावर मी अख्खा हॉल खणत बसू? इथे सिनेमाला गल्लीतून यायचे, हे आणखी कुणी सांगेल?"

आता काय गंमत बघा. दारात पस्तीस-चाळीस पुरुष उभे. सगळे एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागले. एकाला खोकला आला. एकाला आठवलं की गॅसवर दूध आहे.

"आम्हाला काय माहीत?" कुणीतरी पुटपुटलं. "आम्ही कधी आलोच नाही."

दिर्चेने त्यांच्या हातांवरून नजर फिरवली. तुटक्या करंगळीचा, रंगाचे डाग पडलेला, लग्नाची अंगठी खिशात घालून यायचा तो. एकूण एक हात तिच्या ओळखीचा होता. नावं घेतली असती तर अर्ध्या मिनिटात साक्षीदारांची रांग लागली असती. शब्द ओठांवर आले होते. तिने ते गिळले. खिडकीत बसताना जे पाळलं ते आज मोडायचं नाही, मग हॉल गेला तरी बेहत्तर.

"तुमची मर्जी," ती एवढंच म्हणाली.

तेवढ्यात गर्दीतून एक काठी वर झाली. लेआर्को! अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, एस्पेरियात पोल्का नाचलेल्यांतला एकटाच उरलेला.

"मागच्या गल्लीतून," तो म्हणाला. "दर गुरुवारी. शेवटून तिसरी रांग."

"लेआर्को, तू?" इव्होन किंचाळली.

"मी. आणि माझ्या शेजारी तुझा नवरा."

असा हशा उठला की पडद्यावरची धूळ खाली आली. आणि मग काय, धरण फुटलं. "गल्लीतूनच, साहेब!" "मीसुद्धा!" "दोन पायऱ्या चढून डावीकडे!" इव्होनचा नवरा तोंड लपवायला जागा शोधत होता, आणि हसतही होता.

फान्तुत्सी कानापर्यंत लाल झाले. त्यांनी नकाशा फिरवला.

मागच्या रांगा निघाल्या, लाकडी चौथरा निघाला. खाली पुरुषभर नाही तरी कमरेइतकी पोकळी, आणि पोकळीत घोंगड्या अंथरलेल्या, एकावर एक. दिर्चेने स्वतः खाली उतरून टोक उचललं. ओकच्या फळ्या! कुठे भेग नाही, कुठे कीड नाही. तिने हात फिरवला तर हाताला मेण लागलं. झाकण्याआधी ओरियानोने जमीन मेणाने घासली होती. विकल्या म्हणून सांगितलं, कारण खरं कळलं असतं तर ही बाई रोज उठून फळकुटं उचकटत बसली असती. दिर्चे तिथेच बसून रडली, मोठ्याने आणि न लाजता. "गाढवा," ती म्हणाली, "सांगायचंस तरी."

साडेअकराला मजुरांनी चार खाटांएवढी जागा मोकळी केली.

"आहे खरी," फान्तुत्सी म्हणाले. "पण नाच सोसेल का, हे मला लिहायचंय."

"नाचून बघा की," लेआर्को म्हणाला. त्याने काठी टाकली, मग इकडेतिकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "पण माझा जोडीदार कबरस्तानात आहे. ह्या पोरांना पोल्का कुठली येतेय?"

दिर्चेने आपली पर्स इंजिनियरच्या हातात दिली.

"पंधरा वर्षं कोटांच्या ढिगामागून बघितलंय," ती म्हणाली. "धर मला."

"अगं, हा पुरुषांचा नाच."

"आणि जमीन कुणी पुसली?"

लेआर्कोने तिला धरलं. तोंडानेच चाल धरली, दारातल्यांनी टाळ्यांचा ठेका दिला, आणि दोघं फिरायला लागली. आधी उभ्याने, मग जरा वाकून, मग गुडघे मोडून. फळ्या लवल्या आणि उसळल्या, जशा तिच्या बापाने लवायला बसवल्या होत्या.

"शाब्बास, दिर्चे!" ओरडली ती इव्होन होती. फान्तुत्सी पर्स काखेत मारून अहवालावर सही करत होते, आणि त्यांचा पाय ठेका देत होता.

"बास गं बाई," लेआर्को धापा टाकत म्हणाला. "माझे गुडघे गेले!"

"माझे आत्ता कुठे आलेत," दिर्चे म्हणाली, आणि तिने त्याला आणखी खाली ओढलं.