नवा पेशंट

"ड्यूटीवर कोण आहे?" बाबांनी स्ट्रेचरवरूनच विचारलं. नर्सने नाव सांगितलं आणि दुखण्याने पिळवटलेला त्यांचा चेहरा एकदम शांत झाला. ती शांतता मला आवडली नाही.

"कोण ती?"

"घाईबाई," ते म्हणाले.

हे नाव त्यांनीच ठेवलेलं. याच हॉस्पिटलच्या तळमजल्यावरची सराव-खोली बाबा नऊ वर्षं सांभाळत होते. तरुण डॉक्टर डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा चढवायचे, मशीनच्या दोन मुठी हातांत धरायचे आणि समोर नसलेल्या माणसाचं ऑपरेशन करायचे. बाबा शेजारच्या खुर्चीत बसून तेच पडद्यावर पाहत. माणूस दगावला की गुण आपोआप नोंदले जात; मग बाबा 'नवा पेशंट' लिहिलेलं बटण दाबत. आमच्याकडे रोज इतकी माणसं मरतात, पण एकाचेही नातेवाईक भांडायला येत नाहीत, असं ते जेवताना सांगत.

आता त्यांचंच पित्ताशय फुटलं होतं. मोठे सर्जन परगावी, दुसरं हॉस्पिटल तीन तासांवर. तेवढा वेळ नाही, असं नर्सने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी संमतीचा कागद पुढे धरला तेव्हा बाबांनी माझं मनगट पकडलं.

"रक्त दिसलं की ती दाबून धरत नाही, घाईने हात काढून घेते. परीक्षेत पाच वेळा झालं. पाचही वेळा पेशंट जायच्या आत मी बटण दाबलं. नोंदच झाली नाही. सहाव्यांदा पास झाली."

"का, बाबा?"

"रडत होती गं. तुझ्याच वयाची."

मी कागद मागे घेतला. ॲम्ब्युलन्स बोलावते म्हटलं, याला फोन करते, त्याला करते म्हटलं. बोलता बोलताच कळत होतं, तीन तास कुठूनही आणता येणार नाहीत. बाबांनी वाद घातला नाही, नुसता हात पुढे करून ठेवला. सही नेहमीसारखीच केली, खाली रेघ ओढून.

ती आली आणि बाबांना पाहून तिचा रंग उडाला.

"घाई करू नका," बाबा तिला म्हणाले. "रक्त आलं तरी हात काढायचा नाही. आज बटण नाहीये."

"हो, काका."

दुपारी चारला ती बाहेर आली. दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही.

"मी हात काढला," ती म्हणाली. "क्षणभरच."

बाबा गेल्यावर तीन आठवड्यांनी त्यांचा स्वेटर आणि चष्म्याचं घर आणायला मी तळमजल्यावर गेले. ती आत एकटीच होती, डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा चढवून. मी आलेली तिला दिसणं शक्य नव्हतं. मी बाबांच्या खुर्चीत बसले तेव्हा खुर्ची करकरली. तिने मान किंचित वळवली, पण थांबली नाही.

पडद्यावर शीर तुटली. लाल पसरू लागलं आणि तिचा हात मागे आला. ती तशीच उभी राहिली, खुर्चीकडे कान देऊन.

बटणावरची अक्षरं बाबांच्या बोटाने पुसट झाली होती. माझं बोट त्यावर होतं. मी दाबलं नाही.

मग मुठी हळूहळू पुन्हा पुढे सरकल्या. तिने दाबून धरलं. हात तिथेच राहिला.

स्वेटर मांडीवर घेऊन मी बसून राहिले.