छत्तीसाव्या फोटोतला हात

जेवणाच्या सुट्टीत आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एका लांब दोरीवर चिमट्यांनी छत्तीस फोटो टांगले होते आणि शेजारच्या छापखान्यातली माणसं, वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बायका, खुद्द मालक, सगळे टाचा उंच करून बघत होते. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. पुढची बाई मागे वळली की तिचं तोंड बघूनच मागचीला घाम फुटायचा, फोटो तिने अजून पाहिलेलाही नसायचा.

फोटोंत आम्हीच होतो. डबा खाणारे, पुठ्ठे कापणारे, खिडकीत बसून पाय हलवणारे. आणि प्रत्येक फोटोत, कुणाच्या खांद्यामागे, कुणाच्या काळ्याभोर केसांत, मशीनच्या अंधाऱ्या पोटात, पांढुरका आणि आरपार दिसणारा डिंक्या होता. तीन महिन्यांपूर्वी तापाचं निमित्त होऊन आठ दिवसांत गेलेला आमचा डिंक्या.

दोरीखाली सावलीबाबा उभे होते. हे गृहस्थ फोटोतल्या सावल्या वाचतात अशी त्यांची ख्याती. हातात आमचीच घड्या दाबायची लाकडी पट्टी घेऊन ते एकेका फोटोवर टेकवत होते.

"हा उभा काळसर पट्टा दिसतो सगळ्यांना? डावीकडून तीन बोटांवर? हा उंबरठा. अलीकडे आपण, पलीकडे ते. छत्तीस फोटो आणि छत्तीसही ठिकाणी उंबरठा एकाच जागी. कुणा माणसाच्या हातून होईल हे?"

माणसाच्या हातूनच झालं होतं, आणि तो हात माझा होता. पण ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी गर्दीच्या मागे मागे सरकत होतो.

मी या कारखान्यात पुस्तकांच्या पाठी चिकटवतो. मामाने दिलेला एक जुना रिळाचा कॅमेरा माझ्याकडे आहे. सणासमारंभाचे फोटो मी काढत नाही. आमचे रोजचे दिवस काढतो, कारण ते पुन्हा कुणी काढणार नाही. डिंक्या माझा जिवलग. कुणालाही चिकटला की सुटायचा नाही, म्हणून डिंक्या. आजारी पडायच्या आदल्या दिवशी मी त्याच्यावर आख्खं रीळ खर्च केलं होतं. तो गेल्यावर ते रीळ शोधायला मी घर उलटंपालटं केलं. ते काही सापडलं नाही. शेवटी कारखान्यातल्या माझ्या खणातलं नवं रीळ घालून मी पुन्हा फोटो काढायला लागलो, आणि त्या नव्या रिळात हा येऊन बसला.

रीळ धुणारे काका पाकीट देताना म्हणाले होते, "कॅमेऱ्यात दोनदा चाललंय का रे हे?"

"छे, नवं कोरं होतं," मी म्हणालो. पंधरा वर्षं फोटो काढतोय मी, असली पोरकट चूक माझ्या हातून होईल? मी पाकीट उचललं आणि निघालो.

मग भीतीला पाय फुटले. फोटो बघितल्याच्या चौथ्या दिवशी कटरवाल्याचं बोट मशीनखाली आलं. पाठोपाठ वॉचमनची बायको तापाने अंथरुणाला खिळली. दोघांच्याही फोटोत डिंक्या अगदी कानाशी उभा. कुणीतरी सावलीबाबांना बोलावून आणलं आणि आगीत तेल पडलं. मी घरी दिवा चालू ठेवून झोपायला लागलो. त्याच्या शेवटच्या संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो नव्हतो, ते माझ्या मनात सलत होतं. तो मलाच शोधत आलाय, असं वाटायचं.

बाबांची पट्टी सरकत सरकत शेवटच्या फोटोवर आली. त्यात डिंक्याची थोरली बहीण होती. आम्हा सगळ्यांची ताई. ती वरच्या मजल्यावर शिलाई करते. फोटोत ती मशीनवर बसलेली, पट्ट्याच्या डावीकडे डिंक्या हसतोय, आणि पट्ट्याच्या उजवीकडे, फोटोच्या अगदी कडेला, आणखी एक जण. अर्धं धड, मुंडकं नाही, आणि एक हात ताईकडे पुढे केलेला.

बाबांनी पट्टी त्या हातावर टेकवली आणि एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. लोकांना ताटकळत ठेवणं ही त्यांची सगळ्यात मोठी विद्या.

"बाकीच्यांना तो नुसता भेटायला आलाय," मग ते हळूच म्हणाले. "इथे मात्र न्यायला आलाय. नेणाऱ्याला सोबत घेऊन. न्यायला येणाऱ्याला तोंड नसतं. बाई, तुम्हाला कुठे आडवं व्हायचंय का? दिव्यांखाली?"

ताईच्या हातातली पिशवी खाली पडली. तिच्या पोटात गाठ होती आणि सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की आठवड्याच्या आत गाठ काढायलाच हवी, पिळली तर जिवावर बेतेल. हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं. बाबांना कुणी सांगितलं असेल, हे विचारायचं भान कुणाला नव्हतं.

"त्या टेबलावर झोपलात तर उठणार नाही," बाबा म्हणाले. "एकवीस दिवस माझ्या अंधाऱ्या खोलीत बसा, मी देईन तेवढीच पूड खा. आणि हे फोटो, त्यांची ती निगेटिव्हची काळी पट्टीसुद्धा, आजच्या आज जाळा. राख मला दाखवा."

दुपारी भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, दवाखान्यात निरोप धाडला की आम्ही येत नाही. मी फोटो आणि निगेटिव्हचं पाकीट घेऊन ताईच्या खोलीवर गेलो. लोखंडी पाटी जमिनीवर ठेवली होती. मधेच ताईच्या पोटात कळ आली आणि ती भिंतीला धरून उभी राहिली, ओठ निळे पडेपर्यंत. भाऊजी दुसरीकडे बघत होते.

"पेटव लवकर," ते म्हणाले.

"एकदा बघू दे त्याला," ताई म्हणाली. "परत नाही दिसायचा."

सुईत दोरा ओवताना धरायचं भिंग तिने घेतलं आणि शेवटचा फोटो खिडकीशी नेला. मी काडी काढली आणि पेटीवर ओढायला हात पुढे केला.

"थांब," ताई म्हणाली.

मी थांबलो. ती भिंगातून फोटो बघत होती, मग माझ्या मनगटाकडे, मग परत फोटोकडे.

"हे बटण कुणी लावलं?"

"कुठलं?"

"तुझ्या बाहीचं. कोटाचं जांभळं बटण. डब्यात दुसरं नव्हतं म्हणून मीच लावलं होतं, आणि तू आठवडाभर कुरकुरत होतास, जोकर दिसतो म्हणून." तिने फोटो माझ्या नाकासमोर धरला. "मग हे न्यायला येणाऱ्याच्या बाहीवर काय करतंय?"

बिनमुंडक्याच्या पुढे केलेल्या हाताला, मनगटावर, ते बटण होतं. केवढं तरी मोठं आणि जांभळं.

"म्हणजे ह्यालाही नेणार," भाऊजी पुटपुटले.

"तुम्ही जरा गप्प बसा," ताई म्हणाली. लग्नानंतर त्यांना ती हे पहिल्यांदाच बोलली असावी. "आठव रे. हात असा कधी केला होतास?"

आणि मला आठवलं. डिंक्याने माझ्या हातातून कॅमेरा हिसकावला होता. "शेवटचा एक राहिलाय, तुझा काढतो," म्हणाला. मी हात पुढे करून ओरडत होतो, "आण इकडे, मुंडकं उडवशील." डिंक्याने आयुष्यात काढलेल्या एकाही फोटोत माणसाला डोकं नव्हतं. फोटो काढून झाल्यावर रीळही त्यानेच गुंडाळलं.

रीळ गुंडाळताना मी फिल्मची जीभ, म्हणजे सुरुवातीचं टोक, बाहेर ठेवतो, काकांना धुवायला सोपं जातं. नव्या रिळाची जीभही बाहेरच असते. ओळखू यावं म्हणून वापरलेल्या रिळाच्या जिभेचा कोपरा मी दुमडतो. डिंक्याला ते दुमडणं कुठून माहीत असणार? माझं बघून त्याने जीभ बाहेर ठेवली आणि कोपरा न दुमडताच रीळ माझ्या खणात नव्या रिळांत ठेवून दिलं. हरवलेलं रीळ मी घरभर शोधत होतो, आणि तेच पुन्हा कॅमेऱ्यात घालून फिरत होतो. एकाच फिल्मवर आधी डिंक्या उमटला होता, आणि त्याच्यावर आम्ही.

मी निगेटिव्हची पट्टी काढून खिडकीच्या काचेवर धरली. इतके दिवस मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. माझ्या दोन फोटोंच्या मधल्या रिकाम्या फटीतही डिंक्या होता. एका फोटोत तुटलेली त्याची कोपरं फटीतून सरळ पुढच्या फोटोत जात होती. आणि शेवटच्या फोटोच्याही पुढे, जिथे मी काहीच काढलं नव्हतं, तिथे माझं उरलेलं अर्धं धड एकटंच, स्वच्छ उभं होतं.

"बाबांचा उंबरठा हा बघ," मी म्हणालो. "पहिल्यांदा काढलेल्या फोटोंमधली फट. रीळ दुसऱ्यांदा घातलं ते तीन बोटं सरकून बसलं. मग छत्तीसही ठिकाणी पट्टा तिथेच येणार."

ताई पट्टी डोळ्याशी धरून रडत होती. "म्हणजे हे त्याचे शेवटचे फोटो," ती म्हणाली. "आणि मी जाळायला निघाले होते."

दुसऱ्या दिवशी बाबा राख बघायला आले, तेव्हा फोटो लांब टेबलावर ओळीने कडेला कडा लावून मांडलेले होते. डिंक्याच्या हातातला अर्धा कप या फोटोत, उरलेला शेजारच्या फोटोत. सगळा कारखाना डिंक्या जोडत बसला होता.

"आत्मा यंत्रातही शिरतो," बाबा म्हणाले.

"माझ्या भावाच्या आत्म्याने ह्याचा शर्ट का घातला?" ताईने विचारलं.

"जिवंत माणसाचीही छाया पलीकडे जाते."

"कधी जाते? हा सकाळपासून माझ्याकडे दोनदा चहा पिऊन गेलाय."

पहिल्यांदा कटरवाला हसला. मग त्याने बांधलेलं बोट वर केलं. "खरं सांगू? मशीन चालू असताना मी मान वळवून बघत होतो, डिंक्या मागे आहे का म्हणून. बोट त्याने नाही घेतलं. माझ्या भीतीने घेतलं." वॉचमन म्हणाला की ताप तर निम्म्या गल्लीला आहे, त्यांचे फोटो कुणी काढले होते? बाबा दारापर्यंत मागे सरकले आणि तिथून निघून गेले. आमची लाकडी पट्टी मात्र घेऊन गेले.

त्याच दुपारी ताईने दवाखान्यात पुन्हा निरोप धाडला की आम्ही येतोय. सोमवारी तिला आत नेलं तेव्हा मी भ्यालेलोच होतो. भाऊजी तर कोपऱ्यात तोंड झाकून बसले होते. अडीच तासांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. गाठीला पीळ पडायला लागला होता, म्हणाल्या, एकवीस दिवस कसले, चार दिवसही निघाले नसते.

लोक मला विचारतात, तू तर फोटोवाला, तुला कसं कळलं नाही? कळलं असतं. काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण माझी चूक झाली हे मानण्यापेक्षा मेलेला मित्र परत आला हे मानणं मला सोपं वाटलं, आणि माझ्या त्या तोऱ्यापायी ताई मरता मरता वाचली. भुताला आत यायला एवढी फट पुरते.

म्हणून सांगतो. भीती वाटली तर वाटू द्या, त्यात लाज नाही. पण कुणी काही जाळायला सांगितलं, तर काडी ओढायच्या आधी ते एकदा उजेडात धरून बघा.