मऊ दात

पावणेसहाचा गजर वाजण्याआधीच ती जागी झाली आणि हात लांबवून तिने तो बंद केला. गेली दोन-तीन वर्षं असंच चाललं होतं. गजर लावायचा तो केवळ शिस्तीपुरता. पलीकडच्या खाटेवर थोरली बहीण झोपलेली असे. तिची झोप मोडू नये एवढंच. भिंतीला धरून तिने आधी उजवा गुडघा सरळ केला, मग डावा, आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. पाणी उकळेपर्यंत रात्रीची भांडी फडताळात लावून झाली, डबा भरून झाला, ताईच्या गोळ्या वाटीत काढून झाल्या. दोन पांढऱ्या, एक गुलाबी, आणि ती अर्धी, जी रोज कापताना हमखास चुरा होते.

"झोपले नाहीये मी," ताई आतून म्हणाली. "नुसती पडलेय. दमायचा मक्ता काय तू एकटीने घेतलायस?"

ताईची तीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून गेली होती. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी समोर येणाऱ्याकडे ती आधी नाडी बघितल्यासारखी बघे. कप हातात घेता घेता तिने धाकटीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आरशात बघ जरा. पिळून ठेवलेल्या फडक्यासारखा चेहरा झालाय."

"मग वाळत घाल."

"दोरीवर जागा नाही. माझाच आहे तिथे." ताईने फुंकर मारून घोट घेतला. "आज त्या पत्राला उत्तर लिहिणार ना?"

"साहेबांनी सांगितलंय."

"जन्मात पहिल्यांदा कुणी आभार मानले, तर त्याचंही तुला ओझं!"

तिने डबा पिशवीत टाकला. सहा पन्नासच्या बसला अजून वेळ होता, पण जिना उतरायलाच आताशा पाच मिनिटं लागत.

कारखाना लहान होता आणि त्यातून बाहेर पडणारी यंत्रंही लहानच: दळायची, कापायची, पिळायची, एकेका मोटरीवर चालणारी. मोटर मिनिटाला चौदाशे फेरे घेते आणि कामाला मात्र तीस-चाळीस पुरतात. हा वेग उतरवायचा तो गिअरांनी. कुठल्या यंत्राला कुठलं गिअर, दात किती, रुंदी किती, पोलाद कोणतं, हे ठरवण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती. सगळी सरळ दातांची साधी पोलादी गिअरं. त्यांत मिरवण्यासारखं काही नव्हतं. कारखान्यात तिला 'दंतवैद्य' म्हणत. तोंडावर फक्त मिस्त्री म्हणायचा.

"या दंतवैद्य, पेशंट येऊन बसलाय," मिस्त्रीने ती आत पाऊल टाकते न टाकते तोच हाक दिली. हा कारखान्यातला सगळ्यांत जुना फिटर. तिच्या आधी दोन वर्षं लागलेला. "अकरा दात गेलेत. आता कवळीच बसवा."

बाकावरच्या शेगड्याच्या जबड्यात गिअर आवळून धरलेलं होतं. ज्या लाँड्रीचं पत्र आलं होतं, तिने ते जुन्या टॉवेलात बांधून पाठवलं होतं. ओल्या चादरी दोन रुळांमधून पिळून काढणारं यंत्र होतं ते. खालच्या रुळाच्या टोकाला हे मोठं गिअर बसे. सहा दिवसांपूर्वी तिथल्या एका बाईचा उजवा हात चादरीबरोबर रुळांत ओढला गेला. बोटं आत गेली, पंजा जाऊ लागला, तोच काडकन आवाज झाला आणि रूळ थांबले. गिअरचे दात तुटले होते. बाईची दोन बोटं सुजली, एवढ्यावर निभावलं. लाँड्रीवाल्याने लिहिलं होतं, 'ज्यांनी हे गिअर निवडलं त्यांना आमचा नमस्कार सांगा.' खाली त्या बाईची सही होती. डाव्या हाताने केलेली, ओळ सोडून वर चढलेली.

"कानस दे," ती म्हणाली.

मिस्त्रीने स्वतःच कानस उचलली आणि शाबूत दातावरून एकदा ओढली. कर्र असा आवाज आला आणि चकाकता कीस खाली पडला. दोघंही त्या किसाकडे बघत राहिली. दात भट्टीत तापवून कडक केलेले असते, तर कानस काचेवरून सटकावी तशी सटकली असती.

"लागतेय," मिस्त्री हलकेच म्हणाला. "लोण्यात सुरी जावी तशी लागतेय, बाई. आणि आपण सात वर्षं लोकांना सांगतोय, तुम्ही ग्रीस लावत नाही म्हणून दात झिजतात."

ती वर तिच्या खोलीत गेली आणि रॅकमधून मूळ ड्रॉइंग काढलं. दातांची संख्या होती, मापं होती, पोलादाची जात होती. 'दात कडक करणे' या चौकटीत काहीच नव्हतं. आकडा नाही, रेघ नाही, खोडलेलं नाही, कोरा कागद. खाली 'आरेखन' पुढे तिची आद्याक्षरं, आणि 'तपासणी' पुढेही तिचीच. सात वर्षांपूर्वी हे यंत्र काढलं, त्या वर्षी तपासनीस सोडून गेला होता आणि त्याच्या जागी कुणी आलं नव्हतं. आपण निवडलेलं गिअर कडकच होतं, हे तिला लख्ख आठवत होतं. हिशेबाच्या वहीतही तसंच होतं. कागदावर ते उतरवायचं राहिलं, आणि कागदात नसलेलं काम भट्टीवाला कशाला करील?

साडेदहाला मालकांनी बोलावलं. ते तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान होते, वडिलांच्या मागे कारखाना सांभाळणारे, वाईट म्हणता येणार नाही असे. टेबलावर पत्राच्या चार प्रती काढलेल्या होत्या.

"बाई, हे आपण प्रदर्शनात लावणार. मोठा फलक. 'हात वाचवणारं गिअर.' आपण तक्रारी तक्रारी म्हणत बसलो आणि ती तर यंत्राची खुबी निघाली! आणखी एक. डिझाइन विभागाच्या प्रमुख आता तुम्ही. खालची खोली घ्या, जिने चढायला नकोत. हाताखाली दोघं देतो. बाबा असते तर केव्हाच दिलं असतं."

खालची खोली. तिच्या गुडघ्यांनी ते शब्द तिच्याआधी ऐकले.

"साहेब, ते गिअर मी तसं निवडलेलं नाही," ती म्हणाली. "दात कडक करायचे होते. लिहायचं राहून गेलं. माझ्याकडून."

मालक हसले. "म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला. असू दे की! फांदी तुटली ना? हात वाचला ना?"

"वाचला."

"कुणाला बोललात हे?"

"मिस्त्रीला कळलंय."

"तो घरचाच आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. संध्याकाळपर्यंत उत्तर लिहून ठेवा, मी प्रदर्शनाची जागा बघून येतो. आणि चादरी पिळायची ती चाळीस नवी यंत्रं उद्या सकाळी निघतायत, तेवढं बघा."

ती जिना चढून वर आली आणि खुर्चीत बसून राहिली. मालक काही खोटं बोलत नव्हते. हात वाचला होता. सात वर्षांत कुणाचा हात गेल्याचं ऐकिवात नव्हतं. गप्प राहायला काही करावंही लागणार नव्हतं, आणि काही न करणं यासारखं सुख तिला त्या घटकेला दुसरं दिसत नव्हतं. फक्त एक गोष्ट डोक्यातून जाईना. ते गिअर तेरा महिने वापरलेलं होतं. दात झिजून अर्ध्यावर आले होते, म्हणून तुटले. नवे असते तर?

तिने डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि घरी फोन लावला.

"ताई, तुझ्या हातून कधी चूक झाली आणि रोगी तरीही बरा झाला, असं झालंय?"

"दोनदा," ताई लगेच म्हणाली. "एकदा औषध दुप्पट दिलं होतं. म्हातारा दुसऱ्या दिवशी बसून पेपर वाचत होता."

"मग तू काय केलंस?"

"रजिस्टरात लिहिलं. डॉक्टर माझ्यावरच उखडले, म्हातारा बरा झाला होता तर लिहायला कुणी सांगितलं होतं म्हणून. महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. का गं? जेवलीस का तू?"

"जेवतेय."

"खोटं बोलतेस, चावायचा आवाज नाही."

जेवणाच्या सुट्टीत खाली कुणी नसताना तिने मिस्त्रीला थांबवलं. उद्या निघणाऱ्या चाळीसांपैकी एक यंत्र त्यांनी भिंतीशी ओढलं. मिस्त्रीने झाडूचा दांडा ओल्या टॉवेलात गुंडाळला.

"हात जरा रोडका झालाय," तो म्हणाला, "पण चालेल."

यंत्र सुरू झालं. रुळांनी टॉवेल धरला, दांडा आत गेला आणि काडकन आवाज आला. दांड्याचा. पलीकडून टॉवेलात गुंडाळलेल्या चिपा बाहेर पडल्या आणि रूळ जसे फिरत होते तसेच फिरत राहिले. मग मिस्त्रीने शिसवीचा मनगटाएवढा तुकडा घातला. तो मात्र अडकला. मोटर घुमू लागली. दात मऊ होते, पण नवे होते. एकही तुटला नाही. जास्त भार आला की मोटर बंद करणारा रक्षक स्वीच पडेपर्यंत तिने आकडे मोजले.

"नऊ सेकंद," ती म्हणाली.

मिस्त्रीने कपाळ पुसलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या तोंडी विनोद नव्हता. "नऊ सेकंद माणूस ओरडत राहणार, बाई."

"आणि दात कडक केले तर वर्षानेसुद्धा तुटणार नाहीत. कायमचेच नऊ."

"मग करायचं काय? मऊ ठेवले तरी पंचाईत, कडक केले तरी पंचाईत."

"गिअरने गिअरचं काम करायचं. सुटायचं काम दुसऱ्या कुणाकडे तरी द्यायला हवं."

ती वर गेली ती साडेपाचपर्यंत उठली नाही. काम अवघड नव्हतं. दहा वर्षांपूर्वी ते तिने दोन तासांत संपवलं असतं. पिनियन म्हणजे मोटरीकडचं लहान गिअर आणि हे मोठं गिअर, दोन्हींच्या दातांसाठी कडकपणा लिहिला. मोटरीच्या पुढे घसरता क्लच आखला, ठरल्यापेक्षा जास्त जोर आला की जागीच घसरणारा. रुळांच्या तोंडाशी आडवी दांडी आखली. हात तिला लागला की वीज तुटेल आणि वरचा रूळ उचलला जाईल. मध्ये एकदा डोळ्यांपुढे रेघा दोन-दोन दिसू लागल्या, तेव्हा ती पाच मिनिटं टेबलावर डोकं टेकून पडली आणि पुन्हा बसली. बदलाच्या कारणाच्या चौकटीत तिने लिहिलं: 'मूळ आरेखनात दात कडक करण्याची सूचना द्यायची राहिली. चूक आरेखकाची.' आद्याक्षरं न घालता तिने पूर्ण सही केली. तपासणीची चौकट तिने रिकामी सोडली. ती दुसऱ्या कुणीतरी भरायची होती.

लाँड्रीला उत्तर लिहायला फार वेळ लागला नाही. आभारांबद्दल एक ओळ. मग, हे गिअर सुरक्षिततेसाठी निवडलेलं नव्हतं. ते झिजलेलं होतं म्हणून तुटलं. नवं गिअर बसवून यंत्र चालवू नका, आमचा माणूस येऊन दांडी आणि क्लच बसवेपर्यंत थांबा. त्या बाईंनाही हे वाचून दाखवा. ज्यांच्याकडे हे यंत्र होतं त्या बाकीच्या बासष्ट जणांसाठी तिने काय घडलं ते दोन ओळींत लिहिलं आणि दांडी व क्लच बसेपर्यंत यंत्र बंद ठेवायला सांगितलं. एक प्रत मालकांच्या टेबलावर ठेवली, नव्या ड्रॉइंगसकट. मालक आले नव्हते. उद्या ते काय म्हणतील हे तिला साधारण माहीत होतं, आणि खालच्या खोलीचं काय होईल तेही.

जुन्या ड्रॉइंगवर तिने 'रद्द' असा शिक्का मारला. खाली आली, कार्यशाळेच्या फळ्यावर टाचलेली त्याची प्रत काढली, भट्टीवाल्याच्या फायलीतली काढली, भांडारातली काढली. मिस्त्री हात धुऊन निघायच्या तयारीत होता. तिच्या हातातले 'पाठवू नये' असं लिहिलेले लाल पुठ्ठ्याचे तुकडे त्याने पाहिले आणि पिशवी परत खुंटीला लावली.

"किती आहेत?"

"चाळीस."

"साहेबांना विचारलंत?"

"नाही. सही माझी आहे."

त्याने निम्मे पुठ्ठे घेतले. तो एका टोकाकडून लागला, ती दुसऱ्या. प्रत्येक यंत्राच्या स्वीचला तार ओवायची, पिळायची आणि 'पाठवू नये' ही बाजू वर येईल असा पुठ्ठा फिरवून ठेवायचा. मधल्या रांगेत दोघं समोरासमोर आली तेव्हा त्याच्याकडे एक उरला होता. तो तिने घेतला आणि भिंतीशी ओढलेल्या यंत्राला बांधला. मग त्रेसष्ट पत्रांच्या पाकिटांचा गठ्ठा उचलून ती फाटकाकडे गेली आणि टपालाच्या पिशवीचं तोंड बांधू लागलेल्या पहारेकऱ्याला म्हणाली, "एवढं घ्या."