बॅगेतली बरणी

सुरय्या लांज्याला हरिश्चंद्र वैद्यांकडे आली होती ती नवऱ्यासाठी चूर्ण न्यायला. हारुन आदल्या रात्रीच्या गाडीने मुंबईला गेला होता आणि आज रात्री दुबईच्या विमानात बसणार होता. पुढच्या महिन्यात मोहल्ल्यातलं कुणी जाणार होतं, त्याच्याबरोबर आणखी पाठवावं असा तिचा बेत.

"दुबईला?" वैद्यांचा हात पुडी बांधता बांधता थांबला. "तिकडे अजिबात पाठवू नका. यात भांग आहे."

"भांग?"

"शुद्ध करून घातलेली. माझ्याकडे परवाना आहे, पण तिकडे तो कोण विचारतो? सरळ तुरुंगात टाकतात. हारुनभाईंना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

सुरय्या पुडी तिथंच टाकून स्टँडकडे धावली.

वर्षभर हारुनच्या आतड्यांना सूज होती. शौचातून रक्त जायचं. रत्नागिरीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी रक्त थांबलं, पण पोटातल्या कळा थांबेनात, झोप लागेना. या चूर्णाने तो जेवायला लागला, झोपायला लागला. तरी निघताना म्हणाला, "चूर्ण नको, गोळ्या पुरेत." तिला वाटलं, उगाच ओझं नको म्हणून म्हणतोय. तिने गुपचूप कॉफीच्या रिकाम्या बरणीत चूर्ण भरलं, टॉवेलात गुंडाळलं आणि सुक्या कोलंबीच्या सोड्यांच्या पुडक्याखाली बॅगेच्या तळाशी ठेवून दिलं.

स्टँडसमोरच्या बूथवरून तिने मुंबईला नणंदेचा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. मागे रांगेतला माणूस कुरकुरायला लागला, पण तिने रिसीव्हर सोडला नाही. शेवटी एकदाची समरीन बोलली.

"भाभी? भाई तर गेला. टॅक्सी आत्ताच सुटली."

"समरीन, त्यांच्या मागे जा. त्यांच्या बॅगेत मी औषध ठेवलंय. तळाला, टॉवेलात. त्यात भांग आहे."

"या अल्ला," पलीकडून आलं आणि फोन कट झाला.

घरी जाणाऱ्या एसटीत सुरय्याला खिडकीबाहेरचं काही दिसत नव्हतं. समरीनला टॅक्सी मिळाली असेल का? तो आत गेला असेल तर? बॅग कोण उघडेल? रत्नागिरीला राजिवड्यातल्या घरी पोचल्यावर ती चप्पल न काढताच फोनपाशी बसली.

सूर्य बुडाला, मगरिबची अजान झाली तेव्हा फोन वाजला. हारुन होता.

"मी विमानतळाच्या गेटबाहेर रांगेत होतो. समरीन ओरडत आली. तिथंच फुटपाथवर बॅग उघडली, बरणी गटारात रिकामी केली." त्याला दम लागला होता. "तू मला विचारायचं होतंस, सुरय्या."

"आणि तुम्ही मला सांगायचं होतं."

"नशेची चीज म्हणून तू घरात ठेवली नसतीस."

खरंच ठेवली नसती का, तिचं तिलाच कळत नव्हतं.

तो गेला. दर शुक्रवारी, जुम्म्याला, फोनवर "पोट बरं आहे" म्हणायचा. तिचा विश्वास बसत नव्हता. पावसाळ्याच्या तोंडावर तो परतला तेव्हा पँट कमरेला दोरीने बांधलेली होती.

डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घालून तपासलं. चूर्णाची गोष्ट ऐकून ते रागावले नाहीत. "भांगेच्या झाडातल्या काही द्रव्यांनी उंदरांच्या आतड्यांची सूज उतरलेली दिसली आहे. मेंदूच्या सुजेवरही अभ्यास चाललाय. पण माणसाला किती द्यावं, कितपत चालेल, अजून कुणाला नक्की माहीत नाही. गोळ्या बंद करायच्या नाहीत. चूर्ण घेतलंत तर मला सांगून घ्या. आणि तुम्ही दोघांनीही काही लपवायचं नाही."

हारुन पुन्हा दुबईला गेला नाही. जेटीच्या वाटेवर त्याने फ्रीज दुरुस्तीचं दुकान टाकलं. गोळ्या चालू आहेत, लांज्याची पुडी फडताळात उघड्यावर असते. महिने महिने बरे जातात. पण सकाळी तो संडासात गेला की सुरय्याचा हात तव्यावर थांबतो, आणि तो बाहेर येऊन "रक्त नाही गो" म्हणेपर्यंत ती भाकरी उलटत नाही.