मानेखालचं सगळं

इनोकेंती ल्वोविच बोलायला लागला की वाटायचं, देवानं हव्वा घडवली तीही ह्यालाच विचारून. मॉस्कोजवळच्या त्वेर शहरात एका बंद पडलेल्या बेकरीत त्याची कार्यशाळा होती. तिथं तो पोर्सिलेनच्या बाहुल्या करायचा. खांदा, कोपर, मनगट, कंबर, गुडघा, जिथं म्हणून माणूस वाकतो तिथं उखळीचा सांधा असलेल्या, बसवाल तशा बसणाऱ्या. म्हणजे ‘मी करतो’ असं तो म्हणायचा. तो रंगवायचा तोंड. मानेखालचं सगळं माझं.

मी कपितोलिना येगोरोव्हना, इनोकेंतीच्या तोंडी नुसती ‘कापा’. कारखान्यात बावीस वर्षं किटल्यांच्या तोट्या ओतल्या. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा मी पंचेचाळिशीची होते आणि तोटीशिवाय जगात काही येत नव्हतं. इनोकेंतीला माती ओतणारं माणूस हवं होतं. पातळ माती साच्यात ओतायची, कडेनं पापुद्रा धरला की उरलेली काढून टाकायची, एवढंच काम, असं तो म्हणाला. एवढंच! भट्टीत ही माती सहाव्या हिश्शानं आक्रसते, आणि उजवा गुडघा आक्रसला तसा डावा आक्रसेल असं काही तिनं लिहून दिलेलं नसतं. मग गोळा वाटीत बसेपर्यंत घासा. वाटीला आतून पातळ चामडं लावा, नाहीतर पाय हलवला की दाताखाली खडा आल्यासारखा आवाज येतो. मग पोकळ अंगातून स्प्रिंगा आणि आकडे घालून बाहुली ओवा. एका बाहुलीला चार महिने. त्यातला एक आठवडा इनोकेंतीचा.

खोटं कशाला बोलू, त्या आठवड्याचं तो सोनं करायचा. त्यानं काढलेल्या डोळ्यांकडे बघून मला एकदा भाजलेले बटाटे घशाखाली उतरेनात. पण त्यानं ब्रश खाली ठेवला की तोंड उघडायचं, आणि मग उतरलेलंही वर यायचं.

एकदा दूरदर्शनवरून एक बाई आली. “इनोकेंती ल्वोविच, हे सगळं तुम्ही एकटे करता?”

“एकांत हीच माझी भट्टी,” तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर कचऱ्याची गाडी उभी होती.

“आणि ह्या?”

“ह्या कापा. झाडलोट बघतात.”

दुर्दैवानं त्या वेळी माझ्या हातात खरंच झाडू होता. महाराजांच्या एकांतात झाडणारं दुसरं कोण होतं? मी झाडत राहिले. पण कॅमेऱ्यासमोर त्यानं माझ्या हातचा गुडघा उचलून ‘ही वाटी मी श्वासानं घासतो’ असं सांगितलं, तेव्हा मनाशी म्हटलं, थांब, मोरा. कधीतरी पिसारा मिटेल.

तो मिटला ऑक्टोबरात, मॉस्कोच्या प्रदर्शनात. त्या वर्षीची बाहुली आमची आजवरची सर्वांत चांगली होती. नाव त्यानं ठेवलं होतं ‘विस्मृतीची विधवा’. त्याच्या बाहुल्यांना कधी मारिया किंवा ल्युबा नावं नसत. सगळ्या कशाच्या तरी विधवा नाहीतर कन्या. टेबलावर खोका उघडला तर डाव्या पायाचा आकडा प्रवासात निसटलेला. पाय लोंबत होता.

नेमक्या तेव्हाच फाइना मार्कोव्हना आल्या. एक्क्याऐंशी वर्षांची, चिमणीएवढी बाई. पन्नास वर्षं संग्रहालयाच्या फुटक्या बाहुल्या सांधलेली. त्या चालल्या की मोठमोठे कलावंत खुर्च्या बाजूला ओढत. त्यांच्यामागे वीस-पंचवीस लोक गोळा झाले.

“पाय सुटलाय,” त्या म्हणाल्या. “लावा की. दोन मिनिटांचं काम.”

“फाइना मार्कोव्हना,” इनोकेंतीनं छातीवर हात ठेवला, “कलावंत आपली कृती लोकांसमोर उघडी करत नाही.”

“उघडी कुठं करायला सांगतेय? उघडीच आहे. बंद करा.”

लोक हसले. इनोकेंतीचे कान लाल झाले. तो माझ्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, “कापा, जरा ये.”

मी चहाचा पेला हातात घेऊन उभी होते. तीन पावलं पुढे जायचं, मानेतला आकडा आधी सैल करायचा, मग कंबरेची स्प्रिंग बोटावर घ्यायची, की झालं. माझ्या बोटांना ते झोपेतही आलं असतं.

“मी कशी?” मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं. “मला फक्त झाडता येतं. एकांतातलं मला काय कळणार?”

काय गोड वाटलं ते! बावीस वर्षांत एक तोटीही मला इतकी छान साधली नव्हती.

इनोकेंतीनं बाह्या मागे सारल्या. मानेचा आकडा न सोडता त्यानं सरळ पायाची स्प्रिंग ओढली. मला दिसत होतं काय होणार ते. सांगायला एक शब्द पुरला असता, ‘मान!’ मी चहाचा घोट घेतला. स्प्रिंग सुटली, डोकं गळ्यातून उडालं, टेबलाच्या कडेवर आपटलं आणि डाव्या डोळ्यापासून हनुवटीपर्यंत दोन तुकडे झाले.

इनोकेंती तुकडे हातात घेऊन खाली बसला, जमिनीवर, त्या चांगल्या सुटात. पहिल्यांदाच त्याला भाषण सुचलं नव्हतं.

फाइना मार्कोव्हनांनी पाय उचलून मांडीची वाटी उजेडात धरली. आतल्या चामड्यावर नख फिरवलं. मग त्या माझ्यापुढे आल्या. “हात दाखवा.”

मी पेला ठेवून हात पुढे केला. घासून घासून माझ्या बोटांच्या टोकांवरच्या रेषा कधीच गेल्या आहेत.

“सांधे तुमचे,” त्या म्हणाल्या. “असे मी तीस वर्षांत पाहिले नाहीत.”

मी फुलले. उगाच कशाला लपवू? वाटलं, आता सगळ्यांना कळेल.

“आणि तुम्ही ती पडू दिलीत,” त्यांनी माझा हात सोडला, नको असलेली भाजी परत टोपलीत टाकावी तसा. “तो मोर आहे, मला ठाऊक आहे. पण मोराला धडा शिकवायला हिला मारायचं? छे! तुम्ही दोघं एकमेकांना शोभता.”

परतीच्या गाडीत मी एकटी बसले. त्वेरला उतरल्यावर कार्यशाळेत गेले, माझी हत्यारं आणि एप्रन उचलला आणि निघाले.

त्या हिवाळ्यात मी माझी स्वतःची बाहुली केली. शेजारच्या कुंभारणीच्या भट्टीत भाजली, स्वयंपाकघरात घासली, पिठाच्या गिरणीसारखं घर पांढऱ्या धुळीनं भरून टाकलं. अंग असं जमलं की खुर्चीत ठेवली की ती स्वतःच पाय आखडून घेते आहेसं वाटे. मग तोंड रंगवायला घेतलं. पहिलं तोंड पुसलं. दुसरं भाजल्यावर फोडलं. तिसरं घेऊन फाइना मार्कोव्हनांकडे गेले.

त्यांनी ती बराच वेळ हलवून पाहिली. “अंग श्वास घेतंय,” त्या म्हणाल्या. “तोंडाला मात्र दाढदुखी आहे.”

“सराव करीन.”

“करा की. मी पन्नास वर्षं केला. मला अजून येत नाही.” त्यांनी खसखशीच्या रोलचा एक तुकडा माझ्यापुढे सरकवला. “त्याच्याकडे गेला होतात का?”

“त्या फुशारक्याकडे? माझं पाऊल तिथं पडणार नाही.”

ते पडलंही नाही. मार्चमध्ये तोच माझ्या दारात आला. बर्फ वितळून चिखल झाला होता, त्याचे बूट घोट्यापर्यंत माखलेले. हातात केक. दुसऱ्या काखेत खोका.

“केक कुणाला?” मी विचारलं.

“तुला. तुम्हाला. कपितोलिना येगोरोव्हना, आत येऊ का?”

पाच वर्षांत माझं पूर्ण नाव त्याच्या तोंडी पहिल्यांदा आलं. बहुतेक वाटभर घोकत आला असावा. त्यानं खोका उघडला. आत बाहुली होती, अंग कुठूनतरी करून आणलेलं, तोंड त्याचं. टेबलावर बसवली तर भिजल्या पोत्यासारखी घरंगळली. पण तोंड! तिच्या वरच्या पापणीवर इतका थकवा होता की मला खुर्ची ओढून बसावं लागलं.

त्याची नजर खिडकीतल्या माझ्या बाहुलीकडे गेली. तो जवळ गेला, वाकून बघू लागला. मी वाट पाहत होते. आता हसेल, आणि मी केकसकट त्याला जिन्यावरून खाली पाठवीन.

“हिला वेदना होताहेत,” तो म्हणाला. “कुठं ते कळत नाही.”

“दाढ,” मी म्हटलं.

आम्ही दोघंही हसलो, मनात नसताना.

“एकत्र करायचं तर मानेमागे दोन नावं,” मी म्हटलं. “भाजण्याआधी कोरायची. नंतर पुसता येणार नाहीत अशी.”

“दोन?” त्यानं केक टेबलावर ठेवला. “ठीक. पण आधी कुणाचं?”

“वर्णमालेनं.”

त्यानं मनातल्या मनात हिशेब केला. इनोकेंती, कपितोलिना. त्याचा चेहरा असा उजळला की त्याला तिथंच ढकलून द्यावंसं वाटलं. पण पहिलं नाव त्याचं आलं तर आलं. मला आकडे, स्प्रिंगा आणि ते डोळे हवे होते.

त्याला तीन वर्षं झाली. तो सुधारला असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे. परवाच एका मुलाखतीत म्हणाला, “माझ्या सहकलावंतिणीला मीच शोधून काढलं, किटल्यांच्या ढिगातून.” मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही, त्याच्या ते लक्षातही आलं नाही. मीही काही संत झालेले नाही. त्याला ओवायला शिकवते तेव्हा मुद्दाम सर्वांत कडक स्प्रिंग देते, आणि ती त्याच्या बोटावर सटकन बसली की मला बरं वाटतं. पण बाहुली मात्र तेव्हा माझ्या मांडीवर असते, दोन्ही हातांत धरलेली.

काल तो नव्या बाहुलीच्या पापण्या काढत होता. तीन केसांचा ब्रश. एकेक रेष ओढताना तो श्वास रोखतो. मी समोर काचकागदानं बाहुलीचं कोपर घासत होते. थोड्या वेळानं लक्षात आलं की माझ्या हातातला कागद थांबलाय, आणि मीही श्वास धरून बसले आहे.