मेलेल्या भावाची बाजू

महाडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी चंद्रभागेला सांगितलं, की तिच्या गर्भाशयाच्या तोंडाशी एचपीव्ही नावाचा विषाणू सापडलाय. तो शरीरसंबंधातून येतो. म्हणजे कॅन्सर झालाय असं नव्हे, पण पुढची तपासणी करायलाच हवी. सोबत आलेली नणंद आनंदीबाई सगळं ऐकत होती. एसटी स्टँडवर पोचताच, चार माणसांदेखत तिनं तोंड सोडलं.

"माझा भाऊ जाऊन आठ वर्सं झाली. मग ही घाण कुणाकडनं आणलीस गो?"

चंद्रभागेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुडपण गावात भात-नाचणी पिकवून तिनं एकटीनं घराचा गाडा ओढला होता, आणि हे त्याचं फळ! तिनं नणंदेचं मनगट धरलं आणि तिला तशीच ओढत दवाखान्यात परत आणली.

"बाई, हिला सांगा!"

"हा विषाणू अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नवऱ्याकडूनही आलेला असू शकतो."

"मेलेल्या माणसावर आळ घेताय?" आनंदीबाई कडाडली.

"आणि जित्या बाईवर घेतलेला चालतो?" चंद्रभागा ओरडली. "आता तुमीबी तपासून घ्या, वन्सं."

"मी कशाला? माझा मालक तर मुंबईला असतो, सणासुदीलाच काय तो घरी..."

बोलता बोलता आनंदीबाई थबकली. मटकन बाकावर बसली.

चंद्रभागेला तिची दया आली नाही. "बसा हितंच," ती म्हणाली, "माज्यानंतर तुमचा नंबर हाय." आणि ताठ मानेनं पुढच्या तपासणीला आत गेली.