खाडाखोड

भोक. करंगळीच्या नखाएवढं. बाईंनी वहीचं पान उजेडाकडे धरलं, तर त्यातून खिडकीचा गज दिसला. खोडून खोडून कागद झिजला होता; कडेला पुसट आकडे उरले होते, त्यावरून कळत होतं की उत्तर बरोबर होतं. खालचंही बरोबर, तेही खोडलेलं. बरोबर उत्तर कोण कशाला खोडेल?... आणि समासात बाईंच्याच हातचा लाल शेरा – ‘खाडाखोड टाळावी. वही स्वच्छ ठेवावी.’ बावीस वर्षं गणित शिकवून हात असा सरावला होता की शेरा लिहिताना डोळ्यांनी काय पाहिलं, हे मनाला कळवायची त्याला गरजच पडत नसे.

वही नववीतल्या एका मुलीची. गेल्या वर्षी पहिल्या बाकावर बसून प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करायची. सगळी शाळा तिला ‘कॅल्क्युलेटर’ म्हणायची. यंदा एकेक बाक मागे सरकत ती शेवटच्या बाकावर पोचली, आणि बाईंनी – बाईंनी काय केलं? पालकसभेत तिच्या आईला सांगितलं, "हुशार आहे हो, पण अंगात आळस भरलाय."

"वयच तसलं, बाई," शिक्षकखोलीत खेळाचे सर म्हणाले. "शिंगं फुटतात, मग आपोआप गळतातही."

बाई कसनुशा हसल्या. मागच्या महिन्यात मुलांच्या मानसिक आरोग्याबद्दल एक दिवसाचं प्रशिक्षण झालं, तेव्हा शेवटच्या रांगेत बसून त्यांनी चाचणीचे पेपर हातावेगळे केले होते. हाती मिळालेली लक्षणांची यादी – झोप, भूक, चिडचिड, एकटेपणा... तिच्यात खोडरबर नव्हता. पण यादीशिवायही ओळखता आलं असतं असं एक माणूस तर घरातच – नको, ते आत्ता नको.

आलंच ते. धाकटी बहीण, तेरा वर्षांची, भिंतीकडे तोंड करून पडलेली. "नाटकं आहेत," बाबा म्हणाले होते; आणि सतरा वर्षांच्या बाई स्वतः, अभ्यासातून मान वर न करता, "भूक लागली की येईल उठून." ती उठलीच नाही, शाळाही सुटली. आज चाळिशी उलटली तरी फोनवर "बरी आहे गं, ताई" यापुढे गाडी सरकत नाही. घरचे म्हणतात, हळवीच आहे जरा...

मधल्या सुट्टीत वर्गात ती मुलगी एकटीच होती.

"बस, उठू नकोस." बाई शेजारी बसल्या; बाक इतका अरुंद की गुडघे अडले. "काय होतंय गं?"

"काही नाही, बाई."

"झोप लागते? जेवतेस ना नीट?" त्यांच्या तोंडून यादीच बोलत होती. मुलीने शहाण्यासारखी मान डोलावली – घरीही अशीच डोलावत असेल.

"उत्तरं बरोबर होती तुझी," बाई एकदम म्हणाल्या. "मी पाहिलंच नाही. शेरा मारून मोकळी झाले. चुकलं माझं."

मुलीने वर पाहिलं.

"बरोबर आलं ना, की भीती वाटते... आता पुढचंही बरोबरच यायला हवं. मग खोडते. जरा बरं वाटतं." मग खूप हळू, "मलाच कुणी असं खोडलं तर बरं, असंही वाटतं कधीकधी."

विषय बदलावा, पाठीवर थाप मारावी, हसण्यावारी न्यावं... जीभ सवयीने तिकडेच वळत होती.

"म्हणजे जीव द्यावासा वाटतो?"

"माहीत नाही." मग घाईने, "आईला नका सांगू."

"सांगावं लागेल. पण तुझ्या माघारी नाही. दोघी मिळून सांगू, आजच."

समुपदेशक बाई गुरुवारी येतात, आज सोमवार. त्यांना लगेच फोन करायला हवा, मुख्याध्यापकांना गाठायला हवं, आणि हिला इथं क्षणभरही एकटं सोडता कामा नये – मग आधी काय? घंटा झाली. पलीकडे आठवीचा वर्ग बाईंच्या नावाने गोंधळ घालू लागला. त्या उठल्या नाहीत. आपलं काही चुकेल, कदाचित आत्ताच चुकलं असेल, ही मुलगी आता आयुष्यात आपल्याशी बोलणार नाही... भीती वाटत होती बाईंना, आणि नवल म्हणजे, ती झटकून टाकावी असं मात्र वाटत नव्हतं.